पोऱ्या चांगला शे

देवपूर, धुळे
२१ नोव्हेंबर २०२३

चि. भाईदास यास अक्काचे अनेक आशीर्वाद.

वि. वि. भाऊबिजेला तू आलास आणि चहासुद्धा पुरता न पिता उठलास, त्याचा राग मी धरलेला नाही. पण घरी पोचल्याच्या दोन ओळी यायला हव्या होत्या. फोनवर मला ऐकू येत नाही, आणि आपल्या दोघा बहीणभावांचं बोलणं मी योगराजला ऐकून मला सांगायला लावणार नाही, म्हणून आपलं हे पत्रच बरं. सुमनने दिलेल्या ज्वारीच्या बिबड्या तळून बघितल्या. खारट झाल्या आहेत. तिला सांगू नकोस. सांगशीलच म्हणा, तुझं तोंड कुठे तुझ्या ताब्यात असतं!

आता मुद्द्याचं. योगराजला साक्रीची सोयरीक आली आहे. लीलाधर पाटील म्हणून आहेत, हायस्कुलात क्लार्क होते, आता घरीच असतात. मुलीचं नाव मयुरी. नाशिकला कंपनीत नोकरी करून परत आली आहे. शिकलेली, दिसायला नीटस, बोलायला मोकळी. हल्ली मुली मिळतात कुठे? ठिबक सिंचनाची एजन्सी आहे, घर आहे, तरी दोन ठिकाणांहून आपल्याला उत्तरसुद्धा आलं नाही. ही माणसं मात्र म्हणाली की आम्हाला बाकी काही बघायचं नाही. मुलाचे मामा म्हणजे चोपड्याचे भाईदास नाना ना, मग त्यांना एकदा विचारून येतो, ते चांगला म्हणाले की नारळ फोडू.

म्हणजे ती माणसं तुझ्याकडे येणार. तू काय बोलशील याचाच मला घोर लागला आहे. तुझ्यापुढे मी कधी पदर पसरला नव्हता, आज पसरते. चांगलं बोल.

केळीत हिंडताना पायात काहीतरी घालत जा. घरातल्या लहानथोरांना माझी आठवण सांग आणि उत्तर लवकर धाड.

तुझी
झुंबरअक्का

*

चोपडा
२८ नोव्हेंबर २०२३

ती. अक्काच्या पायी भाईदासचा शि. सा. नमस्कार.

वि. वि. पत्र पोचलं. बिबड्यांचं सुमनला सांगितलं. ती म्हणाली, पुढच्या वर्षी अक्कांनी इथे येऊन स्वतः घाटा शिजवावा, मी नुसतं मीठ हातात देईन. इकडे कापसाची वेचणी चालू आहे, माणसं मिळत नाहीत. बाकी ठीक.

आता तुझ्या मुद्द्याचं. चौकशीला लोक माझ्याकडे का येतात हे तू विसरलीस का? आपल्याकडे विचारणारा येतो, चहा घेतो, केळीचा भाव काढतो, पाऊसपाण्याचं बोलतो, आणि निघताना चपलेत पाय घालता घालता हळूच विचारतो, पोऱ्या कसा शे? खरं काम तेवढंच असतं. त्यावर सगळं गाव एकच उत्तर देतं, चांगला शे, द्या. ठरत आलेली सोयरीक मोडायचं पाप कुणाला नको असतं. ते पाप मी करत आलो. वना पाटलाच्या मुलाबद्दल मी सांगितलं होतं की मुलगा गुणी आहे, पण बापापुढे तोंड उघडत नाही, तुमच्या लेकीला संसार सासऱ्याशी करावा लागेल. वना अजून मला रामराम घालत नाही. न घालू दे. ती मुलगी दुसरीकडे सुखात आहे.

मग योगराजबद्दल काय सांगू? डावा कान तापाने गेला असं तू सगळ्या धुळ्याला सांगितलंस, मला नको सांगूस. त्या दिवशी मी तुमच्या ओट्यावर होतो. भाजी गार आहे एवढ्यावरून त्याने स्वतःच्या आईच्या कानाखाली मारली आणि तू भिंत धरून खाली बसलीस. उजवा कान वयाने मंद झालेला, डावा त्याने घालवला. मी त्याची गचांडी धरली तेव्हा तू माझ्याच पाया पडलीस. म्हणून आजवर गप्प राहिलो. पण जो आईवर हात टाकतो तो परक्याच्या लेकीला काय सोडणार? लीलाधर पाटील आले की मी जे आहे ते सांगणार. मला दुसरं बोलता येत नाही.

रागावू नकोस. तुझं मन मला कळतं. पण हे माझ्याकडून व्हायचं नाही. आशीर्वाद असू दे.

तुझा
भाईदास

*

धुळे
४ डिसेंबर २०२३

चि. भाईदास यास आशीर्वाद.

तुझं पत्र वाचलं आणि लगेच गॅसवर धरलं.

आई गेली तेव्हा मी चौथीत होते. तुला काखेत घेऊन फिरायचं म्हणून माझी शाळा सुटली. हे मी तुला कधी बोलून दाखवलं नाही. आज दाखवते, कारण माझ्याकडे दुसरं काही उरलं नाही.

तू खरं सांगशील आणि केळीत निघून जाशील. लोक म्हणतील, वा, नाना म्हणजे नाना! इथे मी त्याच्याबरोबर एकटी राहते, भाईदास. सोयरीक मामामुळे मोडली हे त्याला कळल्यावर तो राग कुणावर निघेल? तू तर चोपड्याला. घरात बाई आली की पुरुष निवतो असं म्हणतात. निवेलही. न निवला तरी घरात आणखी एक माणूस असेल. मला आता एकटीला होत नाही रे. जिन्यात त्याची पावलं ऐकू येत नाहीत, तो एकदम समोर उभा दिसतो आणि माझ्या हातातलं भांडं पडतं. भांडं पडलं म्हणून तो पुन्हा चिडतो.

तुला दुसरं बोलता येत नसेल तर ह्या एका वेळेपुरतं शीक.

माझा जीव तुझ्या शब्दावर टांगला आहे, एवढं ध्यानात ठेव.

अक्का

*

साक्री
९ जानेवारी २०२४

ती. भाईदास नाना यांना मयुरी लीलाधर पाटील हिचा सा. न. वि. वि.

आपली ओळख नाही. गेल्या आठवड्यात माझे वडील आपल्याकडे चोपड्याला येऊन गेले, त्यांची मी थोरली मुलगी. मुलीने असं पत्र लिहावं हे आपल्याला उद्धटपणाचं वाटेल, म्हणून आधीच माफी मागते. फोन केला असता, पण आपला मोबाइल काकूच उचलतात असं कळलं, आणि वडिलांना न सांगता काकूंशी काय बोलायचं ते सुचेना.

वडील घरी आले आणि चपला काढता काढताच आईला म्हणाले, नाना म्हणाले, पोऱ्या चांगला शे. आईने देवापुढे साखर ठेवली. माझी धाकटी बहीण कामिनी तेव्हापासून मला धुळेकर म्हणून चिडवते आहे. आमच्याकडे विषय संपला. पण नाना, चांगला म्हणजे काय? पुरुष पुरुषांना ओट्यावर विचारतात आणि एका शब्दावर परत येतात. संसार मला करायचा आहे, म्हणून मीच विचारते. योगराज पितात का? घरातल्या बाईचं ऐकतात का? आणि रागात हात उचलतात का? हे शेवटचं मी सगळ्यांत आधी लिहिणार होते.

नाशिकच्या ऑफिसात आमचे साहेब फार कमी लोकांवर विश्वास ठेवायचे. एखाद्याच्या शब्दापुढे चौकशीच करायची नाही असं वाटलं की म्हणायचे, ही इज अ स्ट्रेट शूटर. म्हणजे सरळ नेम धरणारा, ओठात एक पोटात एक नसलेला. नोकरीत असताना असं माणूस मला दिसलं नाही. वना पाटलांच्या मुलाची गोष्ट मात्र आमच्या साक्रीपर्यंत पोचली आहे. ती ऐकली आणि मनात आलं, साहेबांचा तो शब्द ह्या नानांसाठी आहे.

मला गोड उत्तर नको. आहे तसं लिहा. आपण नाही म्हणालात तर वडिलांना मी सांभाळीन, आपलं नाव निघणार नाही.

काकूंना नमस्कार. लेकीसारखी समजून दोन ओळी पाठवाव्यात ही विनंती.

आपली
मयुरी

*

चोपडा
१७ जानेवारी २०२४

चि. मयुरी हिस अनेक आशीर्वाद.

वि. वि. तुझं पत्र वाचून आनंद झाला. उद्धटपणा कसला? अशी विचारणारी मुलगी मला आजवर भेटली नव्हती. तुझी ती इंग्रजी पदवी मी सुमनला वाचून दाखवली. ती म्हणाली, ह्यांना फटकळ म्हणतात ते मराठी ठीक आहे, उगीच इंग्रजीत चढवू नका. तरी मी दिवसभर ती मिरवत होतो. स्टँडवर चहा पिताना समाधान मास्तरला अर्थसुद्धा विचारून खात्री करून घेतली.

तुला आहे तसं हवं आहे ना? मग घे. योगराज घोरतो. असा घोरतो की ओट्यावरचं मांजर उठून शेजारी जातं. पैशाला चिकट आहे, हॉटेलात बिल आलं की त्याचं लक्ष रस्त्याकडे जातं. रविवारी दाढी करत नाही, आंघोळही दुपारी. आईच्या हातचं सोडून दुसऱ्या कुणाच्या हातचं भरीत त्याला चालत नाही, तेव्हा तुला पहिले सहा महिने नावं ठेवून घ्यावी लागतील. दारूला शिवत नाही, ही गोष्ट अगदी खरी.

रागीट आहे. पण रागीट माणूस मनाचा साफ असतो, राग आला तसा जातो. मी त्याचा मामा आहे. तो वाईट असता तर मी तुझ्या वडिलांना चहा न देता परत पाठवलं असतं.

आणखी काय लिहू? तुझ्यासारखी मुलगी आमच्या अक्काच्या घरात आली तर अक्काला आधार होईल. ती फार एकटी आहे. आईवडिलांना नमस्कार सांग. ह्या म्हाताऱ्यावर माया ठेव.

तुझा
नाना

*

धुळे
११ जून २०२४

चि. भाईदास व सौ. सुमन यांस अनेक आशीर्वाद.

वि. वि. लग्नानंतर तू एकदाही आला नाहीस. सुमन तर हळदीलाही तोंड फिरवून बसली होती, ते मी बघितलं. माझ्यावर राग असेल तर असू दे, पण सूनबाई तुझी वाट बघते. तिने तुझं ते पत्र जपून ठेवलं आहे. योगराज घोरायला लागला की नाना खरं बोलले म्हणून माझ्याकडे बघून हसायची.

घर भरल्यासारखं वाटतं. सकाळी चहा हातात येतो. ती माझ्यासमोर बसून, ओठ नीट दिसतील असं सावकाश बोलते. माझ्याशी इतकं सावकाश आजवर कोणी बोललं नव्हतं. तिला इथल्या एका बँकेत काम मिळत होतं. योगराज नको म्हणाला, मग राहिलं. शेजारच्या दिपमालाकडे जायची, तेही आता कमी झालं आहे.

त्याची पावलं आता मला शोधत येत नाहीत, भाईदास. मी माझ्या खोलीत पाठ करून जप करते. ऐकू येत नाही हे एका परीने बरंच असतं. ह्याहून जास्त मला विचारू नकोस.

आंबे पाठवलेस ते गोड निघाले. एकदा येऊन जा, पण आधी कळवून ये.

तुझी
अक्का

*

धुळे
१९ ऑक्टोबर २०२४

ती. नाना यांना मयुरीचा नमस्कार.

माझा मोबाइल रोज तपासला जातो, म्हणून पत्र. दिपमालाताई ते पोस्टात टाकतील. ह्या पत्त्यावर उत्तर पाठवू नका.

पहिल्यांदा हात उचलला तो मी बँकेचं काम पुन्हा काढलं म्हणून. दुसऱ्यांदा दिपमालाताईंकडे उशीर झाला म्हणून. आता कारण लागत नाही. अक्का आत पाठ करून बसतात आणि सगळं झालं की येऊन माझ्या गालाला हळद लावतात. एकदा हळद लावता लावताच त्यांनी स्वतःच्या डाव्या कानाचं सांगितलं. त्या दिवशी तुम्ही ओट्यावर होतात, हेही सांगितलं.

तेव्हा तुम्हाला माहीत होतं. मी तीन प्रश्न विचारले होते, नाना, आणि तिसऱ्याचंच उत्तर तुम्ही दिलं नाही. मी पत्र पुन्हा पुन्हा वाचलं तेव्हा कळलं. घोरतो, चिकट आहे, आंघोळ दुपारी करतो. इतकं सगळं मोकळेपणाने लिहिणारा माणूस मोठी गोष्ट कशाला लपवेल असं मला वाटलं. नाशिकच्या मैत्रिणींना मी ते पत्र फोनवर वाचून दाखवलं होतं. त्या हसल्या, मीही हसले.

श्रावणात मी साक्रीला गेले आणि आईवडिलांना सगळं सांगितलं. दंडावरचे डाग दाखवले. वडिलांनी ते बघितले. मग म्हणाले, भाईदास नानांनी तो घोरतो हेसुद्धा लपवलं नाही, मग असं काही असतं तर त्यांनी सांगितलं नसतं का? तूच काहीतरी उलट बोलत असशील. चार दिवसांनी त्यांनीच मला एसटीत बसवून इथे आणून सोडलं आणि सांभाळून घ्या म्हणून जावयापुढे हात जोडले. माझ्या अंगावरचे डाग खोटे ठरले, तुमचा शब्द खरा राहिला.

मला तुमची माफी नको. एकच करा. माझ्या वडिलांना खरं लिहा. त्यांनी एकदा ये म्हटलं तर मी आहे त्या कपड्यांनी निघेन. ते दुसऱ्या कुणाचं ऐकणार नाहीत, तुमचं ऐकतील.

काकूंना नमस्कार.

मयुरी

*

चोपडा
२६ ऑक्टोबर २०२४

रा. रा. लीलाधर पाटील यांना भाईदासचा सप्रेम नमस्कार.

वि. वि. जानेवारीत माझ्या दारात चपला घालताना तुम्ही मला विचारलंत आणि मी म्हणालो, पोऱ्या चांगला शे. ते खोटं होतं. योगराज हात उचलतो. त्याने स्वतःच्या आईचा कान मारून घालवला, हे मी माझ्या डोळ्यांनी बघितलं आहे. बहिणीसाठी मी खोटं बोललो. तुमच्या मुलीने मला पत्र लिहून वेगळं विचारलं होतं, तिच्याशीही खोटं बोललो.

मयुरी सांगते तो शब्दन् शब्द खरा आहे. तिला ताबडतोब घरी आणा. लोक काय म्हणतील ते माझ्या नावावर घाला. समाजाच्या बैठकीत मी उभा राहून सांगायला तयार आहे. तुम्ही म्हणाल तेव्हा साक्रीला येतो आणि तुमच्या दारात बसतो. मला शिव्या द्या, पण मुलीला आणायला उशीर करू नका. माझ्या डोळ्याला डोळा लागत नाही. सुमन माझ्याशी बोलत नाही, आणि तिचं बरोबर आहे.

हे पत्र मिळताच निघा, एवढीच हात जोडून विनंती.

आपला अपराधी
भाईदास

*

साक्री
१० नोव्हेंबर २०२४

आदरणीय भाईदास नाना यांस लीलाधरचा सा. न. वि. वि.

आपलं पत्र पावलं. वाचून डोळ्यांत पाणी आलं. परक्याच्या लेकीच्या शब्दाखातर माणूस स्वतःच्या नावाला एवढा काळिमा लावून घेतो, हे आजच्या काळात कुठे बघायला मिळतं? मयुरीने आपल्याला गळ घातली असणार, हे मी ओळखलं. लहानपणापासून ती हट्टी. नोकरीची सवय लागलेल्या मुलीला घरात बसणं जड जातं, त्यातून हे निघतं.

नाना, मी साधा माणूस. दारात आपण मला सांगितलं ते खरं, की आता लिहिता ते? दोन्ही खरी असू शकत नाहीत. आणि भाईदास नाना खोटं बोलले असं मी माझ्या तोंडाने कसं म्हणू? मयुरी आपल्याला इंग्रजीत काहीतरी म्हणायची, स्ट्रेट शूटर का काय. मला इंग्रजी फारसं येत नाही, पण त्या शब्दावर मी मुलगी दिली आहे. तो आता मी कुठे परत करू?

धाकटी कामिनी लग्नाची आहे, हेही आपण जाणता. थोरली माहेरी येऊन बसली तर धाकटीला कोण विचारील?

सोयऱ्यांमध्ये लपवाछपवी नको म्हणून आपलं पत्र मी दिवाळीला आलेल्या जावईबापूंना दाखवलं. त्यांनी शांतपणे वाचलं, एक शब्द वावगा बोलले नाहीत. मामांचं वय झालं, एवढंच म्हणाले, आणि अक्कांना दाखवतो म्हणून पत्र घेऊन गेले. इतका संयम रागीट माणसाकडे असतो का, आपणच सांगा.

प्रकृतीस जपावे. मनाला लावून घेऊ नये. आमच्यावर कृपादृष्टी होती तशीच राहावी.

आपला
लीलाधर पाटील

*

धुळे
८ जानेवारी २०२५

भाईदास यास,

तू तीन पत्रं पाठवलीस. तिन्हींत एकच, की मी लीलाधरांना माझ्या कानाचं खरं सांगावं, माझं तरी ते ऐकतील. डॉक्टरला ताप सांगितला, शेजारणींना ताप सांगितला, देवालाही तेच सांगत आले. आता कोणत्या तोंडाने दुसरं सांगू? आणि आता त्याचा उपयोगही नाही.

तुझं ते पत्र योगराजने दिवाळीहून आणलं आणि तिच्यापुढे टाकलं. वाच म्हणाला असावा, कारण ती वाचायला लागली. पुढचं मी दाराची चौकट धरून बघितलं. ऐकू येत नाही ते बरं असतं असं मी तुला मागे लिहिलं होतं. ते खोटं होतं. न ऐकताही सगळं कळतं. तिचा उजवा हात मनगटात मोडला. दवाखान्यात जिन्यावरून पडली असं मीच सांगितलं. मला सांगायची सवय आहे.

प्लास्टर निघालं आणि दोन दिवसांनी, तो एजन्सीवर गेलेला असताना, ती एक पिशवी घेऊन निघाली. मी दारात होते. अडवलं नाही, एवढंच माझ्याकडून झालं. ती वळली आणि काहीतरी बोलली. नेहमीसारखं समोर येऊन सावकाश नाही, जाता जाता बोलली. ओठ हलले, मला कळलं नाही. मी मान हलवली. कशाला हो म्हणाले ते देव जाणे. तेव्हापासून मनात तेच चालू आहे, की तिने मला चल म्हटलं असेल का?

साक्रीला ती फक्त एक रात्र होती म्हणतात. सकाळी वडील परत आणून सोडणार होते, त्याआधीच गेली. कुठे, कुणाला ठाऊक नाही.

आता घरात पुन्हा आम्ही दोघंच. कोर्टाचं उरकलं की दुसरी बघायची, असं तो आताच म्हणतो. तेव्हा माणसं पुन्हा तुझ्याकडे येतील. काय सांगायचं ते मी ह्या वेळी तुला सांगत नाही. पण मी इथे एकटी आहे, हे विसरू नकोस.

तुझी
अक्का

*

२ मार्च २०२५

ती. नाना यांना,

पत्ता लिहीत नाही. अक्षर वाकडं आलं आहे, हात अजून लवकर दुखतो.

मी सुखरूप आहे हे आईला कळवा. वडिलांना कळवायची गरज नाही. त्या रात्री मी साक्रीला गेले तेव्हा त्यांनी माझ्या हाताकडे बघितलं आणि सकाळची पहिली गाडी किती वाजता आहे ते विचारलं. ते वाईट नाहीत. त्यांनी एकदाच कुणावर तरी पूर्ण विश्वास ठेवला आणि आता त्यांना तो काढून घेता येत नाही. आईने पहाटे माझ्या पिशवीत भाकरी बांधून ठेवली आणि मागचं दार उघडं टाकलं.

तुमचा राग करून बघितला, नाना. अक्कांचाही करून बघितला. त्यांच्यावर टिकला नाही. निघताना मी त्यांना चला म्हटलं होतं, त्यांनी मान हलवली आणि दारातच उभ्या राहिल्या. तुमच्यावर मात्र थोडा टिकला आहे. अक्का त्या घरात एकट्या होत्या आणि मार खायला दुसरं माणूस हवं होतं. तुम्ही मला पाठवलंत. मी तुमच्या जागी असते तर काय केलं असतं, हे मी स्वतःला खूपदा विचारून बघितलं. मला उत्तर येत नाही. पण मी तुम्हाला विचारलं होतं, आणि तुम्हाला उत्तर येत होतं.

आता तिथे दुसरी मुलगी बघतील. तिला तुम्हाला पत्र लिहायचं सुचेलच असं नाही. तुम्ही तिला न विचारता सांगा. तुमचं कुणी ऐकेल की नाही मला माहीत नाही. माझ्या घरी तर तुमचं खोटं चाललं आणि खरं चाललं नाही.

इथे बायकांच्या एका वसतिगृहात जागा बघायला गेले होते. तिथल्या बाई चांगल्या वाटल्या. म्हणाल्या, नवरा नाही, माहेर नाही म्हणतेस, मग तुला नीट ओळखणारं आणि तुझ्याबद्दल खरं सांगेल असं एक माणूस सांग. मी त्यांच्याशी बोलते, म्हणजे मला तुला ठेवून घेता येईल. माझ्या ओठांवर तुमचं नाव आलं होतं. एवढं सगळं होऊनही सगळ्यांत आधी तुमचंच आलं, म्हणून मला त्यांच्यासमोर रडू फुटलं. बाई थांबून राहिल्या होत्या. मी म्हणाले, असं माणूस माझ्या ओळखीचं नाही. जागेचं सोमवारी सांगते म्हणाल्या आहेत.

काकूंना नमस्कार सांगा. तुमच्यासाठी शेवटी काय लिहावं ते सुचत नाही.

मयुरी